कारण लिहा

औषधाला अजून नाव नव्हतं,
एक अक्षर आणि चार आकडे, बस्स.
बाईंना नाव होतं, येरोलिमा,
पण ते फॉर्मवर लिहायचं नाही असा नियम.
फॉर्मवर त्या शून्य-चार-एक-सात.

तीन आठवड्यांनी एकदा पाग बेटावरून
पूल ओलांडून झादारला यायच्या.
फेब्रुवारीत बुरा सुटला,
समुद्राचं मीठ रस्त्यावर साचलं, पूल बंद,
डोस चार दिवस पुढे गेला.
नियमभंग. कारण लिहा.
मी लिहिलं: वारा.
झाग्रेबहून उलट विचारणा आली:
कोणता वारा?

एप्रिलच्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्यावर आलेली.
डॉक्टर पेरिशिचनी दोनदा मोजली,
मग आमच्याकडे पाठ करून
खिडकीशी उभे राहिले.
चांगली बातमी सांगायची त्यांना सवय नव्हती.
बाई म्हणाल्या, म्हणजे ईस्टरचं कोकरू मीच रांधायचं?
तुम्हीच, ते म्हणाले. काचेला.

मग माझे प्रश्न, छापील, क्रमाने.
मळमळ? थोडी.
जुलाब? नाहीत.
हातापायांत काही?
"मुंग्या यायच्या," त्या म्हणाल्या.
"आता मुंग्याही येत नाहीत."

बटणं लावता येतात?
येतात.
चमचा? टेलिफोन?
हो, हो.
तर मग दुसरी पायरी, पाचातली.
तिसरीला डोस कमी करतात.
पाचवीला फक्त तारीख लिहायची असते.

मी दोनाभोवती गोल काढत होते,
तेवढ्यात त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला.
आत लेसच्या चकत्या, नाण्याएवढ्या, सहा.
सलाइन लावलेल्या प्रत्येक दुपारची एक.
सुई, दोरा, मांडीवर उशी;
मी इतके महिने ते बघत होते
आणि मला वाटत होतं, बाई वेळ घालवतायत.

पहिली इतकी नेमकी
की मी श्वास आवरून धरला.
तिसरीत एक दात कमी.
पाचवीचा मध्य सरकलेला.
सहावीवर तपकिरी ठिपके:
सुई बोटात गेली होती,
उशीवर डाग दिसला तेव्हा कळलं.

"आईने शिकवलं तेव्हा नक्षी काढून दिली नाही.
पुढचा टाका बोटंच सांगायची.
आता ती गप्प आहेत, म्हणून मी मोजते.
मोजून केलेली लेस म्हणजे
नुसता हिशोब, बाळा."

मी पोटासाठी मोजतेच.
दोन खोडलं, तीन केलं, सही, तारीख.
आठवड्यात विचारणा: रुग्ण बटणं लावते. कारण लिहा.
लिहिलं: सोबतचे सहा पुरावे पाहावेत.
कापड जोडायची सोय नव्हती,
म्हणून काळ्या कागदावर ठेवून स्कॅन केलं.
नऊ दिवस काही नाही.
मग: मान्य. डोस पाऊण.

त्या पाव डोसाचा फायदा गाठीने किती घेतला?
एका बाईवरून ते सांगता येत नाही.
त्याला चारशे बारा माणसं लागतात,
आणि आलेखावर ती सगळी मिळून
एक उतरता जिना होतात.
आमची बाई कुठल्या पायरीवर उभी, दिसत नाही.
कोकरू रांधलं होतं, एवढं नक्की.
एक तंगडी आमच्या विभागातही आली, सेजच्या वासासकट.

आता औषधाला नाव आहे.
खोक्यात आठ घड्यांचं पत्रक,
बारीक अक्षर, भिंग घेऊन वाचावं असं.
हाताबोटांची बधिरता: अगदी सामान्य.
दोन ओळी. मी तिथे बोट ठेवते
आणि कागद मला व्यवस्थित जाणवतो.

सातवी चकती त्यांनी शेवटच्या खेपेला दिली,
वाकडी, एका बाजूला उघडी.
रुग्णांकडून भेट घेऊ नये, असा नियम आहे.
मी ती रजिस्टरला नोंदवली:
पुरावा क्रमांक सात.
कारण अजून कोणी विचारलेलं नाही.